वाढवायला जागा

उद्या लॅपटॉपवरच नोकरीची मुलाखत होती आणि दोन कामं दिली की तो मान टाकत होता. “मेमरी पुरत नाही. नवाच घ्यायला हवा.” मी, शिकलेल्या इंजिनिअरनं, हात टेकले. शिवणकाम करणारी आई मशीनवरून उठली. “उसवून तर बघू!” तिनं कापडावर खडूनं लॅपटॉपचा आकार आखला, एकेक स्क्रू काढून त्यात जागच्या जागी ठेवला आणि झाकण उचललं. मेमरीच्या पट्टीशेजारची खाच रिकामी होती. “शहाण्या शिंप्यानं शिवलाय गं! वाढवायला जागा सोडलीये.” मी दुसरी पट्टी आणली, तिनं बसवली. एकही स्क्रू उरला नाही. मुलाखतीत लॅपटॉप अडला नाही. साहेबांनी विचारलं, “अवघड बिघाड दुरुस्त केलाय कधी?” “आईनं केलाय!” मी ताठ मानेनं लॅपटॉप तिच्याकडे वळवला. तिनं गळ्यातली टेप सरळ केली. “तुमचाही अडतो का? घेऊन या.”