पुठ्ठ्याच्या आडचा फासा

"हे पहिलं पान काढून टाका, बाबा," ती म्हणाली. "कादंबरी झकास झालीय. एवढं पान तेवढं नको."

बाबांनी चष्मा कपाळावर चढवला. उभी हयात घड्याळं दुरुस्त करण्यात गेलेला हा माणूस सत्तराव्या वर्षी व्हॅम्पायरवर चारशे पानं लिहून मोकळा झाला होता आणि गल्लीतून छाती काढून फिरत होता. संध्याकाळी गठ्ठा छापखान्यात जायचा होता.

पहिल्या पानावर तीनच ओळी होत्या. 'ही गोष्ट आमच्या जेवणाच्या टेबलावर खेळता खेळता घडली. यातलं प्रत्येक मरण फाशाने ठरवलं. फासे माझ्या मुलीच्या हातात होते, म्हणून मी निर्धास्त होतो.'

वाचून तिचा ऊर भरून आला होता, आणि पाठोपाठ एक रविवार आठवला होता.

खेळ तिचाच. रविवारी दुपारी बाबा, धाकटा भाऊ आणि शेजारचे शिंपीकाका एकेक व्हॅम्पायर व्हायचे आणि ती गोष्ट पुढे न्यायची. कुणावर संकट आलं की ती स्वतःपुढे उभ्या केलेल्या पुठ्ठ्याच्या आड फासा टाकायची आणि आकडा मोठ्याने सांगायची. एक पडला की खेळ खलास. भावाचे तीन व्हॅम्पायर तिने पापणी न लवता मारले होते. शिंपीकाका महिनाभर रुसले, तरी ती बधली नाही. नोकरीही तशीच, दुकानदारांची वजनं तपासायची. तिथे ती गुंजभर फरक खपवून घेत नसे. याचा तिला अभिमान होता, आणि का नसावा?

बाबांची जागा तिच्या बरोबर समोर. तिच्या पाठीमागे भांड्यांचं काचेचं कपाट होतं. खेळाआधी त्यात बघून ते दर वेळी तोच विनोद करायचे, "व्हॅम्पायर काचेत दिसत नाही. माझा भांग नीट आहे का, कुणीतरी सांगा रे."

"पान का नको?" आता त्यांनी विचारलं.

"तुमच्या ऑपरेशनच्या आदल्या रविवारी तुमचा व्हॅम्पायर, थोरले सरकार, उघड्या माळावर सापडला होता. सूर्य उगवत होता. आठवतं?"

"न आठवायला काय झालं? तू सहा म्हणालीस, सरकार वाचले. त्याच तोऱ्यात मी ऑपरेशनला गेलो."

"एक पडला होता, बाबा." तिने मान खाली घातली. "मी खोटं बोलले. आयुष्यात एकदाच. तुमचा चेहरा बघवेना मला."

इतक्या वर्षांची तिची पत त्या एका पानावर होती, आणि ते पान आता खोटं ठरलं होतं. बाबांच्या नजरेतून उतरण्याइतकी भीती तिला कशाचीच नव्हती. ती वर बघायला धजेना.

बाबांनी पान उचललं, गठ्ठ्यावर सगळ्यात वर ठेवलं आणि सावकाश सुतळी बांधायला घेतली.

"व्हॅम्पायर काचेत दिसत नाहीत," तिच्या पाठीमागच्या कपाटाकडे बघत ते म्हणाले. "फासे दिसतात."