नोरीनचे पडदे

"गरुड?" म्हातारा क्लॅरी उभा राहिला. "यंदा माझी चार कोकरं नेली गरुडानं. आता दर शनिवारी त्याच्यासाठी टाळ्या वाजवू?"

"कोल्ह्यानं काय कमी नेली असतील," मागून कुणीतरी म्हणालं.

"कोल्हा आपला होता."

वेराबूल फुटबॉल क्लबाच्या हॉलमध्ये यावर बऱ्याच माना डोलल्या. वेराबूलचे कोल्हे आणि एकवीस किलोमीटरवरचे पिंबलचे बैल हे दोन संघ ऑस्ट्रेलियन पद्धतीच्या फुटबॉलमध्ये नव्वद वर्षं एकमेकांच्या नडग्या फोडत आले होते. आता पुढच्या मोसमापासून दोघांचा मिळून एकच क्लब करायचा, त्याला गरुड म्हणायचं आणि सामने पिंबलच्या मैदानावर खेळायचे, असा ठराव होता. वेराबूलचं मैदान सरावाला राहील, असं अध्यक्ष रॉस ट्रेगेल म्हणाला. सराव कधी, ते म्हणाला नाही.

मर्ल दुसऱ्या रांगेत बसली होती. क्लबाच्या प्रत्येक जर्सीच्या पाठीवरचा आकडा चाळीस वर्षं तिच्या मशीनखालून गेला होता. तिच्या शेजारी नोरीन. मर्ल शिवायची, नोरीन टाचून द्यायची, अशी चाळीस वर्षांची जोडी. मशीन सध्या नोरीनकडे होतं. मुलीच्या नव्या घराला पडदे शिवायचे म्हणून तिनं ते ईस्टरला नेलं, त्याला आता तीन महिने होत आले. मोठ्या खिडक्या असाव्यात. तोवर फाटलेले आकडे मर्ल हातानंच शिवत होती.

"तुमच्या भावना कळतात मला," रॉस म्हणाला. "पण मैदानात अठरा जण लागतात. काल आपण सोळा उतरलो. आणि त्यातला एक मी."

रॉस त्रेपन्न वर्षांचा होता. तरणी पोरं मेलबर्नला गेली होती. काल क्लब एकशे नव्वद गुणांनी हरला होता, आणि त्यातला रॉसचा वाटा सगळ्यांनी पाहिला होता.

"हरायचंच तर आपल्या मैदानावर हरू," मर्ल बसल्या जागेवरून म्हणाली. "पिंबलला जाऊन जिंकण्यात काय आहे?"

टाळ्या पडल्या. सगळ्यांत मोठी नोरीनची होती. तिनं मर्लचा दंड धरला तो धरूनच ठेवला.

मतदान हात वर करून झालं. एकत्र होण्याच्या बाजूने ज्यांचे हात वर गेले, त्यातले बरेच जण जमिनीकडे बघत होते. हात दुसऱ्याच कुणाचा असावा तसे. विरोधाची पाळी आली तेव्हा नोरीनचा हात मर्लच्याही आधी वर गेला, अगदी ताठ. मोजणाऱ्यानं दोनदा मोजलं. बाजूने सेहेचाळीस, विरोधात एकोणचाळीस.

क्लॅरीनं टोपी घातली, काढली, परत घातली.

"मंडळी, कटुता नको," रॉस म्हणाला आणि त्यानं टेबलाखालून एक खोका काढला. "नवी जर्सी. नमुन्याला एक करून घेतलीय. बाकीच्या एकवीस होतील सावकाश."

जर्सी लाल होती, म्हणजे आपली. आणि छातीवर हातभर निळा पट्टा, म्हणजे पिंबलचा. ती रांगेतून हातोहात निघाली. लोक ती तव्यावरून उचलल्यासारखी बोटांच्या टोकांनी धरत आणि पुढे देत. मर्लकडे आली तेव्हा तिनं पट्टा पाहिलाच नाही. सवयीनं जर्सी उलटली आणि पाठीवरचा सातचा आकडा पाहिला.

शिवण सरळ होती. फक्त दर नववा टाका सुटलेला होता.

मर्लनं बोट फिरवून मोजलं. आठ टाके, नववा सुटलेला. परत आठ, परत नववा सुटलेला. ही खोड जगात एकाच मशीनला होती. दुरुस्तीवाल्यानं त्याच्यापुढे तीनदा हात टेकले होते. मर्ल सुटलेले टाके मागाहून हातानं भरायची. इथे ते भरलेले नव्हते.

"पडदे झाले का गं?" तिनं विचारलं.

नोरीननं तिचा दंड सोडला.

"मत मी विरोधातच दिलं," ती हळू आवाजात म्हणाली. "तू पाहिलंस."

"पाहिलं."

"रॉसनं ईस्टरच्या आधीच विचारलं होतं. अगं, कुणीतरी शिवणारच होतं. मी नाही म्हटलं असतं तर पिंबलच्या बायकांनी शिवल्या असत्या. तुला चाललं असतं?"

"किती झाल्या?"

नोरीननं मांडीवरच्या पर्सची चेन उघडली आणि परत लावली. "वीस."

पुढे रॉस सांगत होता, आज सगळं कसं मोकळेपणानं झालं. बायका केक कापायला उठल्या. मर्लनं जर्सीची घडी घातली, निळा पट्टा आत जाईल अशी, आणि मागच्या रांगेत दिली.

"मशीन उद्या सकाळीच आणून देते," नोरीन म्हणाली.

"राहू दे," मर्ल म्हणाली. "अजून दोन खिडक्या राहिल्यात."