वार्धक्याचा नकाशा

"बाबा, असे खुर्चीमागे उभे राहू नका. चुकतं माझं."

बाबा हलले नाहीत. उभं आयुष्य शाळेत चित्रकला शिकवलेली. लेकीच्या संगणकाच्या पडद्यावर रंगीत गोळे दिसत असताना पाठ फिरवणं त्यांना जमणारं नव्हतं.

"हे काय फुगे काढलेस?"

"म्हातारपणावर जगभर जे शोधनिबंध लिहिले गेले, त्यांतले शब्द आहेत. जो शब्द जास्त निबंधांत, त्याचा गोळा मोठा. उद्या विभागप्रमुखांना पाठवायचाय हा नकाशा."

बाबा चष्मा सावरून वाचू लागले. विस्मरण. हाडांची झीज. तोल जाणे. निवृत्तिवेतन.

"एकटेपणा तर भोपळ्याएवढा झालाय की!"

"अलीकडे वाढलाय. आधी सगळे आजारांवर लिहायचे, आता यावर लिहितात."

"आणि लग्न कुठंय?"

"कुणाचं?"

"म्हाताऱ्यांचं." बाबा खिडकीकडे बघत होते. "समजा, एखाद्याला करावंसं वाटलं."

तिचा हात थांबला. आईला जाऊन तीन वर्षं झाली होती.

"कोण आहेत?"

"पोहायला येतात. पाठीवर फार सुंदर पोहतात."

"आई पाण्याला घाबरायची."

"म्हणून तर मीही इतकी वर्षं काठावर बसलो. आणि मजेत बसलो." बाबा तिच्याकडे वळले. "तुला नको असेल तर तसं सांग. पोहणं सोडणार नाही, पण बाकीचं डोक्यातून काढून टाकेन."

ती पडद्याकडे वळली.

"फार थोड्या निबंधांत आलेले शब्द यात दिसत नाहीत," ती म्हणाली. "गाळलेत."

"कुणी?"

"मीच. किती थोडे म्हणजे थोडे, तो आकडा मीच ठरवते."

तिने आकडा खाली आणला. नकाशा पुसला गेला आणि पुन्हा उमटू लागला. मोठ्या गोळ्यांच्या फटींतून बारीक ठिपके वर आले, शेकड्यांनी. ती पडद्याला नाक लावून शोधत राहिली. एकटेपणाच्या मागे, अर्धवट झाकलेला, मोहरीएवढा एक ठिपका होता: पुनर्विवाह.

"केवढासा!" बाबा म्हणाले.

"पण आहे."

बाबांनी दोन पावलं मागे जाऊन सगळा पडदा पाहिला. "पार गिचमिड करून टाकलीस. माझ्या वर्गात याला मी नापास केलं असतं."

"असू दे." तिने नकाशा तसाच जतन केला आणि खुर्ची फिरवून त्यांच्याकडे पाहिलं. "रविवारी बोलवा त्यांना. चहात साखर किती लागते?"

"दोन चमचे," बाबा लगेच म्हणाले. "आणि तरी म्हणतात, फिका झालाय."