एकोणीसला एकोणीस

“काका, हात पुसा आधी. चुन्याचं बोट कार्डाला लागलं तर मी घेणार न्हाय,” हर्षाली म्हणाली.

गुंडप्पानं हसत तंबाखू दाढेखाली सारली आन् बोटं पायजम्याला पुसली. चुना काय पुरता गेला नाही. तो कधीच जायचा नाही.

गुंडप्पाचं नळदुर्गात स्टँडसमोर कॉम्प्युटरच्या सामानाचं दुकान. हर्षालीनं बारावी अर्ध्यात सोडली, तवा त्यानंच तिच्या हातात पहिला स्क्रूड्रायव्हर दिला होता. आता ती घरातल्या पुढच्या खोलीत लग्नाचे व्हिडिओ जोडायची. स्क्रीनवर चित्रं पळवणाऱ्या ग्राफिक्स कार्डांचे आकडे तिला आरतीसारखे पाठ होते.

आज त्या खोलीत खुर्चीवर आण्णासाहेब बसले होते, शाळेचे चेअरमन. शाळेत कॉम्प्युटरची नवी खोली व्हायची होती. कार्डं गुंडप्पाकडनं घ्यायची का आन् पोरांना शिकवायला हर्षालीला ठेवायचं का, दोन्ही आजच ठरणार होतं.

“बारावी न्हाय म्हणून लोक मला बोलतील बघ,” आण्णासाहेब म्हणाले. “तवा तुझं काम डोळ्यानं बघू दे. ह्या दोन्हीत फरक काय?”

बारावीचं नाव निघालं की हर्षालीची मान आपोआप खाली जायची. आज तिनं ती जोर लावून वर ठेवली.

“हे माझं जुनं, चार जीबीचं, वायरीसकट मीच जोडलेलं. हे काकांनी आणलेलं, आठचं. हे म्हंजी आपला बेंबळीचा रस्ता आन् हे म्हंजी हैदराबाद हायवे. पण डब्यावरचं वाचून इस्वास ठिवू नये. गेम लावायचा आन् सेकंदाला किती चित्रं पळत्यात ते मोजायचं. आकडा तिथं कोपऱ्यात येतोय.”

“आन् न्हाय पळाली तर?”

“तर कार्ड खोटं. न्हायतर लावणारा येडा.” ती खुदकन हसली. “एका मास्तरचं सांगते. कॉम्प्युटरच्या मागं मॉनिटरच्या वायरला दोन भोकं असत्यात. वरचं साधं, खालचं कार्डाचं. ह्या बाबानं खुपसली वरच्यात! सहा महिनं कार्ड आत पाहुण्यासारखं बसून. काम काडीचं न्हाय. आन् ह्यो गावभर सांगतोय, कार्ड खराब हाय म्हणून.”

आण्णासाहेब पोट धरून हसले. “असला मास्तर आपल्या शाळेत नको गं बाई!”

“चुकतंय एखाद्याचं,” गुंडप्पा म्हणाला.

“माझं न्हाय चुकत.”

तिनं जुन्या कार्डावर गेम लावला. एकोणीस.

“वर्षभर ह्याच्यावरच रडतीया मी,” ती म्हणाली. “आता बघा.”

गुंडप्पा उठायला लागला तर तिनं हातानंच बसवला. कॉम्प्युटर बंद केला, बाजूचा पत्रा काढला, जुनं कार्ड ओढलं, नवं दाबलं. मागची एक वायरसुद्धा हलवली नाही. दोन मिनिटांत काम. आण्णासाहेबांनी भुवया उडवल्या.

गेम परत लावला. एकोणीस.

तिनं परत लावला. एकोणीस.

हर्षालीची कानशिलं तापली.

“काका, हे काय?”

“आसं कसं हुईल? मी स्वता आणलंय, पोरी.”

“मंग एकोणीसला एकोणीस कसं? ईस तरी यावं का न्हाय? डबा आठचा, आन् आत भंगार? तुम्हाला वाटलं आसंल, हिनं बारावी बी केली न्हाय, हिला काय कळतंय!”

“तसं न्हाय गं…”

गुंडप्पानं कार्डावर हात धरला. “थंडगार हाय,” तो पुटपुटला. मग टेबलावरनं भिंतीकडं वाकला आन् तसाच बराच वेळ वाकून राहिला.

सरळ झाला तवा त्याचं तोंड उतरलं होतं. त्यानं आण्णासाहेबांकडं बघितलं. मग हर्षालीकडं.

“माझंच चुकलं,” तो म्हणाला. “माल तपासून आणाय पायजे व्हता.”

आण्णासाहेब ताडकन उठले. “गुंडप्पा, ईस वर्सं तुमच्या शब्दावर सामान घेतलं. आन् लेकरांच्या शाळेला असलं देणार व्हता तुम्ही?”

गुंडप्पानं मान खाली घातली. “हे काढतो. पोरीचं जुनं हुतं तसं लावून देतो.”

टेबलामागं वाकून त्यानं एकट्यानंच सगळं केलं. ह्या वेळी हर्षालीनं त्याला अडवलं नाही. ती हाताची घडी घालून दाराकडं बघत उभी होती. आईनं आणलेला चहा तसाच गार झाला.

डबा काखेत मारून तो निघाला तवा ती म्हणाली, “परत माझ्या उंबऱ्यावर येऊ नका.”

तो चप्पल घालताना जरा अडखळला. वळला नाही.

“एक तारखेपास्न ये शाळेत, मॅडम,” आण्णासाहेब म्हणाले. “डोळा हाय तुला.” आन् दारातच त्यांनी तामलवाडीच्या शाळेला फोन लावला. गुंडप्पाकडनं टाचणीसुद्धा घेऊ नका, म्हणून.

मॅडम! हर्षालीनं तो शब्द तीनचारदा मनात घोळवला. मग पोरांना पहिल्या तासाला दाखवायला आकडा वहीत लिहून घ्यावा म्हणून तिनं कॉम्प्युटर चालू केला. तेच तिचं जुनं, चार जीबीचं कार्ड. तोच गेम.

एकसष्ट.

तिनं डोळे चोळले. गेम बंद केला, परत लावला.

एकसष्ट. आन् आतनं घरघर यायला लागली. कार्डाचा पंखा. वर्षभरात तिनं तो आवाज एकदाही ऐकला नव्हता.

पेन वहीवर तसंच राहिलं. तिनं टेबल भिंतीपास्न ओढलं, खाली बसली आन् कॉम्प्युटरच्या मागं बघितलं.

मॉनिटरची वायर आता खालच्या, कार्डाच्या भोकात होती. वायरच्या काळ्या डोक्यावर चुन्याची दोन बोटं उमटली होती.