किरकोळ दुखणं

औषधाच्या दुकानातही आता तपासून घेता येतं असं कळल्यावर ती कान धरून रडणाऱ्या लेकीला कडेवर घेऊन थेट तिथेच आली. शाम्पूच्या कपाटामागे पडदा ओढून केलेल्या कोपऱ्यात फार्मासिस्टने पोरीच्या कानात बॅटरीचा झोत टाकला न टाकला, तोच निकाल देऊन टाकला.

"किरकोळ आहे हो, ताई. हे थेंब घाला, होईल बरं."

"अहो, पण रात्रभर डोळ्याला डोळा नाही तिचा. डॉक्टरांना दाखवू का एकदा?"

"मग सरकारने आम्हाला तपासायचे अधिकार दिलेत ते काय शोभेला? तिकडे तासन्‌तास ताटकळून तुम्हाला वेगळं काय मिळणार आहे?" तो फिसकन हसला.

ती वरमली. उगाच शंका काढली असं वाटून तिने थेंबांची बाटली पर्समध्ये टाकली. तेवढ्यात त्याला घरून बायकोचा फोन आला.

"काय? आपल्या छोट्याचा कान दुखतोय?" त्याच्या तोंडचं पाणीच पळालं.

 

"अगं, मनाने थेंबबिंब काही घालू नकोस! आधी डॉक्टरांकडे ने त्याला, कानाशी खेळ नको!"