तिच्या हातची काजं

बायको जाऊन महिना झाला, तरी शिंप्याचा राग उतरला नव्हता. तिने दुखणं अंगावर काढलं आणि त्याला शेवटपर्यंत पत्ता लागू दिला नाही. दुकानातल्या शर्टांची काजं तीच हाताने करायची. कात्री समोर असली, तरी दोरा दातांनीच तोडायची.

आज तो जेवून आला, तर बिनकाजाच्या शर्टांच्या ढिगातल्या वरच्या शर्टाला सहाही काजं केलेली होती. टाका तिचाच.

"जिवंतपणी तोंडातून शब्द काढला नाहीस, आणि आता कामं उरकतेस?" तो खेकसला. ब्लेडने त्याने सगळी काजं उसवली. "नको मला तुझं काही."

उकडायला लागलं म्हणून त्याने स्वतःच्या गळ्याचं बटण काढायला हात नेला. काज बटणासकट शिवून टाकलेलं होतं. त्याच्या खालचंही.

दोऱ्याचं टोक अजून ओलं होतं.