अण्णांचा मान

अण्णा रोज सकाळी टेकडी चढून उतरत, आणि लोक म्हणत की दमते ती टेकडीच. अशा माणसाला मुलाने मनोरंजन उद्यानाच्या फाटकातच चाकांच्या खुर्चीत बसवलं.

"अरे, मला काय धाड भरलीय?"

"असू द्या हो अण्णा. एकच दिवस मिळालाय, त्यात तुम्ही कशाला पाय झिजवताय?"

अण्णा विरघळले. मुलाने आपणहून सहलीला आणायची ही पहिलीच खेप. खुर्ची दिसली की रखवालदार साखळी काढायचा, रांगेतले लोक बाजूला सरायचे, आणि मुलगा, सून, नातवंडं अण्णांच्या मागोमाग थेट पाळण्यात. अण्णा खाली सगळ्यांच्या पिशव्या मांडीवर घेऊन राजासारखे बसायचे. दुपारपर्यंत मंडळींचा एकही पाळणा राहिला नाही.

"आता मलाही आकाशपाळण्यात बसव रे एकदा," अण्णा म्हणाले.

"बसवतो की. आधी यांना भेटा. हे माझे ऑफिसातले मित्र, सहकुटुंब आत्ताच आलेत. संध्याकाळपर्यंत तुम्ही यांच्याबरोबर फिरा."

मित्राने खुर्चीचे दांडे धरलेसुद्धा. पहिल्या पाळण्याची साखळी पुन्हा निघाली, तेव्हा आपला मान कशाचा होता ते अण्णांना कळलं.

"जरा सांभाळून हं," मागून मुलगा कळवळून म्हणाला.

अण्णांनी आशेने मान वळवली. मुलगा मित्राशी बोलत होता.

"खुर्ची माझ्या नावावर घेतलीय."